अंतरपाटाला शिसं

भाचीचा फोन आला तेव्हा ती एका दमात बोलली. लग्न समुद्रावर करायचं, हॉल नको, बँड नको आणि सगळं आपल्या हातानं करायचं. मला इतका आनंद झाला की त्याच दुपारी मी शिलाई मशीनला तेल घातलं. आठ दिवसांनी तिची यादी आली. गोणपाटाच्या पताका, काचेच्या बरण्यांतले दिवे, पांढऱ्या जाळीदार कापडाची कमान, थर्माकोलची इंग्रजी अक्षरं, कागदाचे तीनशे पक्षी. लग्न वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्यावर आणि यादीत तिथलं एक पानसुद्धा नाही. माड नाही, काथ्या नाही, आंब्याचा टाळ नाही, सुरंगी नाही.

"ह्यातलं तुझं काय गं?" मी विचारलं.

"मावशी, सगळे असंच करतात."

माझं भांडण ह्या 'सगळ्यां'शी आहे. हातानं करण्याचाही आता बाजार झालाय. कापून, भोकं पाडून, दोरा ओवून तयार ठेवलेले संच घरपोच येतात. 'हातानं केल्यासारखी' दिसणारी कमान टेम्पोत बसून पुण्या-मुंबईहून किनाऱ्यावर उतरते, संध्याकाळी फोटोपुरती उभी राहते आणि रात्री त्याच टेम्पोत चढते. लग्नातल्या एकाही माणसाचा हात तिला लागलेला नसतो. त्याच किनाऱ्यावर दहा घरं सोडून एक बाई बसलेली असते. ती बोलता बोलता माडाच्या झावळीची झाप विणते, आणि तिला कुणी काही विचारत नाही. ह्याचा मला राग येतो.

थर्माकोल मी पहिल्या झटक्यात काढून टाकला. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून देशभर आहे. तरी तो मांडवात येतो, आणि समुद्रावरच्या मांडवातून वाऱ्यानं उडाला की दाण्यादाण्यानं पाण्यात जातो. मग त्याला कुणीच परत गोळा करू शकत नाही. फुग्यांचं तेच. आकाशात सोडायच्या कागदी कंदिलांचंही तेच. त्यांची तार कुठंतरी खाली येतेच.

उरलेल्या यादीला मी एकच प्रश्न लावला. ह्या वस्तूला लग्नात काम काय? मुंडावळी कपाळावर बांधायची असते. अंतरपाट दोघांच्या मध्ये धरायचा असतो. सूप, रोवळी, पाट, समई, प्रत्येकाला काम आहे. रुखवतसुद्धा मुळात नवऱ्या मुलाकडे पाठवायचं खाणं होतं. लाडू-करंज्या मांडता मांडता त्याचं प्रदर्शन झालं आणि आज शहरात रुखवत भाड्यानं मिळतं. म्हणजे ज्या एका गोष्टीत घरातल्या बायकांचे हात दिसायचे, तीही आपण दुकानाला देऊन टाकली. गोणपाटाच्या पताकांना काम नव्हतं. त्या गेल्या. कमान गेली. कागदाचे पक्षी राहिले, कारण भाचीच्या मैत्रिणींनी ते आधीच करून ठेवले होते. त्यांचं काय झालं ते पुढे सांगते.

पण हातात कात्री घेण्याआधी एक गोष्ट करायची असते, आणि ती शहरातलं कुणी करत नाही. पंचांग उघडायचं. मुहूर्तासाठी तर उघडतोच, तेच पान भरतीसाठीही वाचायचं. कोकणातला मच्छीमार हा हिशेब तोंडी करतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. घड्याळाच्या काट्याइतका हा हिशेब नेमका नाही, थोडं मागेपुढे होतं, पण मांडव कुठं घालायचा हे ठरवायला पुरतो. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

भाचीनं शनिवार म्हणून जो दिवस धरला होता, त्या दिवशी अष्टमी होती. गोरज मुहूर्त, सूर्य बुडताना अक्षता, आणि नेमकी त्याच वेळी भरती! अष्टमीची भरती भांगाची, उधाणासारखी वर चढत नाही, हे खरं. पण वाळूचा पट्टा अरुंद होतो. त्यात दीडशे माणसं, होमकुंड आणि सनईवाले उभे कुठं करायचे? आम्ही लग्न आठ दिवस पुढं नेलं. रविवार, प्रतिपदा. दुपारी पाऊणच्या सुमारास उधाणाची भरती, संध्याकाळी सातच्या आसपास पूर्ण ओहोटी. मुहूर्ताला समोर मैदानासारखी ओली वाळू पसरलेली.

आदल्या दिवशी पौर्णिमा. दुपारचं पाणी जिथवर चढलं तिथं काटक्या, शेवाळ आणि फेसाची एक वाकडी रेघ राहिली. त्या रेघेच्या बरंच वर, सुरूच्या झाडांकडे सरकून आम्ही मांडवाच्या खुंट्या ठोकल्या. परवानगीचे कागद आधीच झाले होते. भरतीरेषेलगतचा पट्टा १९९१ पासून सीआरझेडच्या नियमांखाली आहे, तेव्हा चार दिवसांच्या मांडवालाही आधी विचारावं लागतं. विचारायला लाज वाटू नये.

आता झाप. शेजारच्या काकींनी माडाची ओली झावळी आमच्यासमोर आडवी टाकली. माणसाच्या अडीच-तीन पट लांब. कोयत्यानं मधल्या दांड्यावर एक चीर, मग दोन्ही हातांनी ओढून उभे दोन भाग. एक भाग पायाखाली दाबून त्या खाली बसल्या. एक पान सोडायचं, एक मागं दुमडायचं, वरून, खालून, वरून. शेवटी टोकांची वेणी घालून गाठ. त्यांच्या हाताला पाच-सात मिनिटं लागली. माझ्या भाचीला पहिल्या झापेला पाऊण तास लागला आणि ती मध्येच सैल पडली. काकींनी ती उसवली आणि पुन्हा हातात दिली. तिसऱ्या झापेला भाचीच्या अंगठ्याला पानाची धार लागून रक्त आलं. ती चोखत पुन्हा बसली. नवऱ्या मुलानं, त्याच्या वडिलांनी, माझ्या दोन दिरांनी, सगळ्यांनी विणल्या. दोन दिवसांत साठ झापा झाल्या. मांडवाचं छप्पर झालं, होमकुंडाला वाऱ्याकडून आडोसा झाला, बायकांच्या कपडे बदलायच्या खोपीला भिंती झाल्या. खांबांना आंब्याचे टाळ आणि भेरली माडाची पानं बांधली. गावात सगळ्याच शुभकार्याला ती बांधतात.

एक गोष्ट इथं स्पष्ट लिहायला हवी. काकींच्या शिकवणीचे आम्ही पैसे दिले, दोन पूर्ण दिवसांचे. मांडववाल्याचं बिल शहरातली माणसं एका शब्दात भरतात आणि झाप विणणाऱ्या बाईशी दहा रुपयांवरून घासाघीस करतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. हाताच्या कामाचं कौतुक करायचं असेल तर ते त्या हातात पैसे ठेवून करा.

काकी आमच्यावर एकदाच रागावल्या. सजावटीसाठी म्हणून एका मुलानं वाळूवरची जांभळ्या फुलांची वेल वावभर ओढून काढली. "वेल तोडलास तर वाळू खंय रवतली?" त्या म्हणाल्या. ती मर्यादवेल. तिच्या मुळांनी आणि फांद्यांनी किनाऱ्याची वाळू धरून ठेवलेली असते. मुलानं ती परत पुरली. ती जगली का, हे पाहायला मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.

शंख-शिंपल्यांचंही असंच. पाहुण्यांना भेट द्यायला म्हणून मुलांनी सकाळी बादलीभर शंख वेचून आणले. रात्री सगळे झोपल्यावर मला पडवीत बारीक टकटक ऐकू आली. बॅटरी घेऊन गेले. बादलीतले निम्मे शंख चालत होते. एकमेकांवर चढून काठाशी येत होते आणि परत खाली पडत होते. मऊ पाठीचे खेकडे रिकाम्या शंखात घर करतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात. आम्ही त्यांची घरं डिंकानं कार्डावर चिकटवणार होतो. रात्री साडेअकराला मी आणि भाची ती बादली घेऊन पाण्यापर्यंत गेलो आणि वाळूवर आडवी केली. ते सगळे जाईपर्यंत भाची तिथं बसून राहिली. शिवाय काही शंख आणि प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, तेव्हा कुठला उचलायचा आणि कुठला नाही हे न कळणाऱ्यानं सगळेच तिथं ठेवावेत.

शंखांच्या जागी पिशव्या आल्या. माझी आई, तिच्या दोन जावा आणि मुलाची आत्या, चौघींनी जुन्या सुती साड्या कापून वीतभर लांबीच्या दीडशे पिशव्या शिवल्या. प्रत्येकीत मूठभर कोकम, त्याच गावातलं. कोणती पिशवी कुणाच्या साडीची हे आईनं प्रत्येक बाईला सांगितलं. "ही तुझ्या बारशाला नेसले होते." ह्यापेक्षा जास्त 'आपलं' मला काही माहीत नाही. पत्रिकेचा कागदही हातकागद. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. तिथून ताव आणून घरी कापले आणि भाचीनं बोरूनं लिहिले. पन्नासच लिहिले, बाकीच्यांना फोन केले. पन्नासच्या वर हात थकतो, आणि थकलेल्या हातानं लिहिलेलं नाव वाईट दिसतं.

आता ते तीनशे कागदी पक्षी. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सहा रविवार बसून केलेले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ते दोऱ्यांवर ओवून मांडवात टांगले. रात्रभर खारं दंव पडलं. सकाळी सगळ्या पक्ष्यांच्या माना खाली गेलेल्या, पंख चिकटलेले. एक मुलगी रडली. तिच्या सहा रविवारांसाठी मलाही वाईट वाटलं. पुण्यातल्या कोरड्या हवेत केलेली वस्तू समुद्रावर टिकेल का, हे एक रात्र बाहेर ठेवून आधी पाहायला हवं होतं. हे मीच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. दोऱ्या मोकळ्या केल्या आणि त्यांत आंब्याची पानं ओवली.

आजींच्या खुर्चीचं कुणालाच सुचलं नव्हतं. ऐंशी पार केलेल्या चार म्हाताऱ्या आणि एक चाकाची खुर्ची. वाळूत खुर्चीचे पाय एकेक करून रुततात आणि माणूस कलंडतं. नवऱ्या मुलाच्या काकांनी पुढच्या दोन पायांखाली एक आणि मागच्या दोन पायांखाली एक अशा लाकडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या. पस्तीस खुर्च्या केल्या. रस्त्यापासून मांडवापर्यंत काथ्याच्या चटया जोडून वाट केली आणि चटयांच्या कडा बांबूच्या काट्यांनी वाळूत खोचल्या. चाकाची खुर्ची त्या वाटेनं थेट होमापर्यंत गेली. समुद्रावरच्या लग्नाचे मी शेकडो फोटो पाहिलेत. त्यांत म्हाताऱ्या माणसांची वाट केलेली मला एकदाही दिसली नाही. फुलांच्या कमानीचे पैसे आहेत तिथं चटयांचे निघू शकतात.

दिव्यांबद्दल मी ऐकून घेणार नाही. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्यांचा अंडी घालायला वर येण्याचा काळ, आणि आपल्या लग्नसराईचाही. अंड्यांतून पिल्लं निघायला ४५ ते ६० दिवस लागतात. अंधारात पिल्लू जिकडं उजेड जास्त तिकडं निघतं. समुद्राच्या पाण्यावरचा उजेड त्याला वाट दाखवतो. तिथं आपण मांडवाचे झगझगीत दिवे लावले की ते उलटं जमिनीकडे चालू लागतं आणि सकाळी कावळ्यांच्या तावडीत सापडतं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ही घरटी राखली. वेंगुर्ल्याच्या वायंगणीला, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागला माणसं रात्र-रात्र किनारा चालतात. त्यांच्या मेहनतीवर एका रात्रीच्या फोटोसाठी प्रकाशझोत मारायचा अधिकार कुणालाही नाही. आमच्या गावातल्या कासवमित्राला आम्ही दोन महिने आधी जाऊन भेटलो. त्यानं घरट्यांची जागा दाखवली, मांडव तिथून लांब घ्यायला लावला. करवंट्यांना भोकं पाडून आत पणत्या ठेवल्या, त्या फक्त जमिनीच्या बाजूला, गुडघ्याइतक्या उंचीवर. जेवणं सुरूच्या मागं, अंगणात. नऊ वाजता किनाऱ्यावर एकही दिवा नव्हता.

आणि अंतरपाट.

आजोबांच्या धोतराचा. ते दोन वर्षांपूर्वी गेले, धोतर आजीच्या ट्रंकेत होतं. स्वस्तिक भाचीनं स्वतः काढलं, लाल रेशमी दोऱ्यानं, साखळी टाक्यात. एक पाय थोडा लांब झाला. आजीनं तो उसवू दिला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला आम्ही तो धरून पाहिला. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे सगळेच शिकतो. दिवसा जमीन तापते, वारा समुद्रावरून आत येतो, दुपारी त्याला जोर असतो. वधू-वर पूर्व-पश्चिम तोंड करून उभे, मध्ये अंतरपाट, म्हणजे पश्चिमेचा वारा थेट कापडावर. त्याचं शीड झालं. खालची कड सपकन उडून भाचीच्या तोंडावर बसली आणि भावाच्या हातातून एक टोक सुटलं. मुहूर्ताला वारा थोडा पडेल, पण पूर्ण नाही. टाचण्या लावून पाहिल्या, खाली बांबू बांधून पाहिला. बांबू नवऱ्या मुलाच्या नडगीवर आपटला.

सुरूखाली एक जण जाळं दुरुस्त करत बसला होता. बराच वेळ आमच्याकडं पाहत होता. "वारो सुटलो काय ह्यो पडदो रवाचो नाय," तो म्हणाला. "खाली शिसां लावा."

त्यानं जाळं उचलून दाखवलं. वरच्या दोरीला तरंगणारे गोळे, खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या. वरचं वर ओढतं, खालचं खाली, म्हणून जाळं पाण्यात भिंतीसारखं ताठ उभं राहतं. करंगळीच्या पेराएवढ्या २४ गोळ्या त्यानं दोरीवरून सोडवून माझ्या पदरात मोजल्या. आम्ही धोतराची खालची कड दुमडून चार-चार बोटांवर टाके घालत गेलो आणि प्रत्येक खणात एक गोळी सरकवली. भाची एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून. मध्ये भेटलो तेव्हा अंधार पडत आला होता.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं चालू असताना वारा होताच. बायकांचे पदर उडत होते, भटजींचं उपरणं उडत होतं. अंतरपाट सरळ खाली लोंबत होता आणि हलत नव्हता. पलीकडून नवऱ्या मुलाची फक्त पावलं दिसत होती, वाळूनं भरलेली. अंतरपाट दूर झाला तसा खालच्या कडेचा, गोळीवर गोळी आपटल्याचा बारीक आवाज मी ऐकला.

जेवणं झाल्यावर जाळ्याचा मालक पान खायला आला. म्हणाला, जाळ्याची घाई नाही, सावकाश द्या. पण ते पौर्णिमेनंतरचे दिवस होते, उधाण होतं, आणि पहाटे त्याला जाळं टाकायचं होतं हे काकींनी मला आधीच सांगितलं होतं. मी आणि भाची पडवीत बसलो. ती अजून शालूत होती. ब्लेडनं टाके उसवत आम्ही एकेक गोळी वाटीत टाकत गेलो. तेवीसच भरल्या. चोविसावी कडेच्या कोपऱ्यात, दुहेरी शिवणीत अडकली होती. तिनं ती दातानं दोरा तोडून काढली.